कावळीच्या घरचं सोयर

एका जंगलात अकरा मंडळं होती. झाडं त्याहून थोडी जास्त होती.

मुलांनो, मंडळ म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर तुम्ही सुखी आहात. चारजणांनी एका झाडाखाली बसायचं, न आलेल्या पाचव्याबद्दल बोलायचं आणि पुन्हा कधी बसायचं ते ठरवून उठायचं, याला मंडळ म्हणतात. मोठे झालात की कळेल. टाळता येणार नाही.

या अकरांमध्ये एक बायकांची भिशी होती. दर मंगळवारी दहाजणी आपापल्या घरून ओंजळभर धान्य घेऊन वडाखाली जमत. चिठ्ठी निघे. जिचं नाव निघे ती दहा ओंजळी घरी नेई. बाकीच्या नऊजणी तिचं तोंडभर कौतुक करत आणि घरी जाऊन नवऱ्यावर चिडत. वर्षानुवर्षं हे सुखानं चाललं होतं.

मग मंजुळाताई कोकीळ परगावाहून आल्या.

मंजुळाताईंचा आवाज फार गोड. त्यांनी शेजारणीकडे नुसतं मीठ मागितलं, तरी शेजारीण साखर देई. शास्त्र जाणणारे सांगतात की कोकिळांमध्ये गातो तो नर. पण अध्यक्ष निवडताना शास्त्र जाणणाऱ्यांना कोण विचारतो?

"भगिनींनो," मंजुळाताई म्हणाल्या, "पलीकडच्या जंगलातल्या बायका आता भिशी स्वतःसाठी लावत नाहीत. जमलेलं धान्य त्या चांगलं काम करणाऱ्याला देतात."

"मग त्या खातात काय?" भागीकाकूंनी विचारलं. भागीकाकू म्हणजे म्हैस. मंडळातल्या सगळ्यांत जुन्या सभासद.

"समाधान," मंजुळाताई म्हणाल्या.

भागीकाकूंनी जरा वेळ रवंथ केला. "पोटाला होतं का ते?"

कुणीतरी हसलं. पण मंजुळाताईंनी अशा काही सुरात "आपणही समाजाचं देणं लागतो" म्हटलं, की लांडोरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लांडोरबाईंना वर्षभर कुणी बघत नसे. सगळं कौतुक नवऱ्याच्या पिसाऱ्याचं. समाज आपल्याकडे बघेल ही कल्पनाच त्यांना नवी होती. ठराव एकमतानं मंजूर झाला. भिशीचं नाव 'ओंजळ भगिनी मंडळ' झालं. खारूताई चिटणीस झाल्या, कारण त्यांनाच झाडाच्या सालीवर दातानं बारीक अक्षर काढता येई.

आता दान द्यायचं कुणाला?

संस्था जवळ हवी, म्हणजे चालत जाता येईल. गरीब हवी, पण बघवणार नाही इतकी नको. अशी संस्था सापडेना. शेवटी मंजुळाताई म्हणाल्या, "ओढ्याकाठच्या कडुलिंबावर एक कावळीण राहते. काजळा नाव. टाकलेली पिल्लं सांभाळते."

पत्ता मंजुळाताईंना अगदी पाठ होता. कितवी फांदी, तेसुद्धा. कसा, ते कुणी विचारलं नाही.

काजळाकडे एकवीस पिल्लं होती. कुणी वाऱ्यानं घरट्यातून पडलेलं, कुणाची आई पारध्यानं नेलेली. काही तर अंडं असल्यापासून आलेली. संध्याकाळी काजळा दाणापाणी करून परते तेव्हा घरट्यात एखादं अंडं जास्त असे. कुणीतरी ठेवून जाई. काजळा ते बाकीच्यांबरोबर उबवी. तिला मोजता येत होतं. मोजायला वेळ नव्हता.

काजळाचा नवरा पिंडाला शिवायच्या कामावर होता, त्यामुळे कायम बाहेरगावी. घरी एक म्हातारी सासू. एका डोळ्यानं तिला दिसत नसे. दुसऱ्या डोळ्यानं ती सुनेच्या चुका बघे, आणि एवढ्या कामाला एक डोळा पुरे होई.

पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काजळा उडे. अळ्या, किडे, सांडलेले दाणे, मिळेल ते आणून चोचींत घाली. पिल्लं काही गुबगुबीत नव्हती, पण वाढत होती. त्या जंगलात हिशेब सरळ होता. पंख फुटेपर्यंत पिल्लाचं पोट भरलं, तर पिल्लू उडायचं. नाही भरलं, तर घारीचं पोट भरायचं. घार रोज दुपारी कडुलिंबावर दोन घिरट्या घालून किती शिल्लक आहेत ते बघून जाई.

पहिल्या मंगळवारी मंडळानं दहा ओंजळी धान्य कडुलिंबाखाली पोचवलं. दहाहीजणी जातीनं हजर होत्या.

काजळा चोचीत अळी घेऊन आली. धान्य बघून ती मनापासून म्हणाली, "बरं झालं बाई. ठेवा त्या ढोलीत." आणि वर उडून गेली.

दहाजणी खाली उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं काजळा पुन्हा आली. "अजून आहात होय? काही विसरलं का?" असं म्हणून पुन्हा गेली.

 वडाखाली पोचताच लांडोरबाई म्हणाल्या, "बसा म्हणाली नाही."

"आभार तरी?" खारूताई म्हणाल्या. "मी इतिवृत्तात आभाराला जागा सोडली होती."

"तिचं काही चुकलं नाही," मंजुळाताई मोठ्या मनानं म्हणाल्या. "चुकलं आपलं. आपण नुसतं दिलं आणि निघालो. दान देऊन विसरून जाणं हा जुना प्रकार झाला. आपण जोडलेलं राहिलं पाहिजे. दर मंगळवारी धान्य पाठवायचं आणि दर शुक्रवारी भेटायला जायचं. पिल्लांशी बोलायचं. काम समजून घ्यायचं."

"तिला वेळ असेल का?" भागीकाकू म्हणाल्या.

"आपण आपला वेळ देतो आहोत, काकू. तिनं तिचा दिला तर काय बिघडलं?"

शुक्रवारी दहाजणी ठेवणीतल्या लुगड्यांत कडुलिंबाखाली आल्या. मुलांनो, म्हशीला लुगडं आणि पदर कुठून आला असं विचारू नका. मंडळात गेलं की येतो.

त्यांनी पिल्लांच्या चोची कुरवाळल्या, झाडाची उंची विचारली, अंधाऱ्या ढोलीत डोकावून "छान हवेशीर आहे" म्हटलं. तासाभरानं त्या निघाल्या. काजळानं पंख पसरले, तेवढ्यात वरच्या फांदीवरून सासूबाई ओरडल्या.

"अगं ए काजळे! शुक्रवारच्या दिवशी दहा सवाष्णी दारात आल्या. ओटी न भरता पाठवतेस? हेच वळण लावणार पोरांना?"

काजळा थांबली. घरात दुसरं काहीच नव्हतं. तिनं ढोलीतलं मंगळवारचं धान्य काढलं. हळदीकुंकू लावलं. प्रत्येकीच्या पदरात एक ओंजळ धान्य आणि नारळाच्या जागी एक निंबोळी घातली.

"अगं बाई, हे कशाला?" खारूताई म्हणाल्या आणि पदर पुढे केला.

"नको गं, खरंच नको," लांडोरबाई म्हणाल्या आणि पदर जरा रुंद केला.

"ओटीला नाही म्हणू नये म्हणून घेते हो," मंजुळाताई म्हणाल्या.

भागीकाकू काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांचा पदर मुळातच रुंद होता.

दहा ओंजळी मंगळवारी आल्या, दहा ओंजळी शुक्रवारी गेल्या. ढोलीत मागे राहिला तो भुसा.

पुढच्या मंगळवारी प्रत्येकीनं विचार केला, घरात ओटीचं धान्य पडलंच आहे, ते दान करू. ओटीचं धान्य घरात खाण्यापेक्षा दान केलेलं बरं, असं शास्त्रही असेलच कुठंतरी. त्यांनी तेच धान्य पाठवलं. शुक्रवारी तेच परत आणलं. हे चक्र असं काही सुरळीत बसलं, की कुणाच्याही कणगीतला दाणा न हलता दानधर्म जोरात चालू राहिला.

सातव्या मंगळवारी धान्य गोळा करताना खारूताई एकदम थांबल्या. त्यांच्या हातात एक शेंगदाणा होता.

"हा माझा आहे," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"या टोकाला दात लागलेत. ते माझे. पहिल्याच मंगळवारी मी हा चावून बघितला होता. खवट निघाला म्हणून दानात टाकला."

शेंगदाणा दहाजणींच्या हातांतून फिरून आला. 

"म्हणजे आपलं दान आपल्याकडेच परत येतंय?" लांडोरबाईंनी हळूच विचारलं.

"त्यालाच पुण्य म्हणतात," मंजुळाताई म्हणाल्या. "केलेलं फिरून आपल्याकडे येतं."

खारूताईंना हे इतकं पटलं, की त्यांनी ते सालीवर कोरून घेतलं आणि खाली लिहिलं, 'मंडळाने आजवर सत्तर ओंजळी धान्य दिले.' मग शेंगदाणा पुन्हा ढिगात टाकला.

इकडे काजळाच्या घरी गुरुवार सारवण्यात जाई, शुक्रवार पाहुण्यांत आणि शनिवार दमण्यात. दाणापाणी करायला चारच दिवस उरले. पिल्लांना मात्र सातही दिवस भूक लागे.

त्यात मंजुळाताईंनी स्वागतगीत बसवायला घेतलं.

"आल्या, आल्या, ताई आल्या, ओंजळ भरून माया ल्याल्या," असं ते गीत होतं. शब्द मंजुळाताईंचेच. चौदा पिल्लं ते पिल्लांसारखी म्हणत, म्हणजे बेसूर. सातजणं मात्र असं म्हणत, की ओढ्याचं पाणी थांबून ऐके. मंजुळाताईंनी त्या सातांना पुढच्या रांगेत घेतलं.

"काय गोडवा आहे हो!" लांडोरबाई म्हणाल्या. "कुणाच्या पोटची असतील?"

मंजुळाताईंना एकदम ठसका लागला.

"कुणाच्या का असेनात," काजळा म्हणाली, "गिळायला माझ्याकडेच येतात." आणि तिनं त्या सातांतल्या एकाच्या डोक्यावरचा निंबाचा पाला चोचीनं काढला.

मागच्या रांगेत अगदी शेवटी होल्याचं एक पिल्लू होतं. त्याला सगळे बारकं म्हणत. बाकीच्यांना पिसं फुटायला लागली होती. बारक्याच्या पाठीवर अजून लवच होती. गाण्याच्या वेळी ते नुसती चोच उघडून उभं राही. मंजुळाताईंना वाटे ते गातंय. काजळाला ठाऊक होतं की ते खायला मागतंय.

एका शुक्रवारी सगळ्या ओट्या घेऊन निघाल्यावर काजळानं भागीकाकूंना मागे थांबवलं.

"काकू, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल की गं."

"तुमचं दान मला परवडत नाही हो."

 भागीकाकूंना कुठलीही गोष्ट लगेच कळत नसे. पण एकदा गिळलेलं त्या पुन्हा वर आणून चावत. बाकीच्या सभासदांत ही सोय नव्हती. रविवारी रवंथ करता करता त्यांना ते कळलं.

मंगळवारी त्यांनी सभेत तोंड उघडलं. "काजळा म्हणते, धान्य द्यायचं तर द्या, पण भेटायला येऊ नका."

"असं म्हणाली?" लांडोरबाई ताठ झाल्या. "आपण आपली कामंधामं टाकून जातो!"

"कोणती हो?" भागीकाकूंनी खरोखरच विचारलं.

मंजुळाताईंनी डोळे मिटून घेतले होते. ते उघडून त्या म्हणाल्या, "याचा अर्थ एवढाच, की आपण कमी पडतोय. आपली ओढ तिच्यापर्यंत पोचत नाही. यापुढे शुक्रवारी जाऊच, आणि धान्य पोचवायला मंगळवारीही सगळ्याजणी जाऊ."

ठराव मंजूर झाला. भागीकाकूंचा हात खालीच राहिला. पण तो नेहमीच खाली असे, त्यामुळे तो धरला गेला नाही.

मग तो शुक्रवार आला.

दुपारची वेळ. दहाजणी ओळीनं बसलेल्या. पिल्लं स्वागतगीत म्हणत होती. काजळा एकेकीची ओटी भरत लांडोरबाईंपर्यंत आली होती. एक मूठ पदरात पडली होती, दुसरी हातात होती.

जमिनीवरून एक सावली सरकली.

बारकं रांगेच्या टोकाला होतं. पळायला पायांत बळ नव्हतं, उडायला पंख नव्हते. त्यानं वर बघितलं आणि सवयीनं चोच उघडली.

काजळानं हातातली मूठ तशीच फेकली आणि ती घारीच्या अंगावर गेली. पिसं उडाली. काळी जास्त, तपकिरी कमी. घार एक किंकाळी मारून रिकाम्या पायांनी निघून गेली. काजळा बारक्याला पंखाखाली घेऊन तशीच बसून राहिली. तिच्या मानेतून रक्त येत होतं.

"माझी ओटी अर्धीच राहिली," लांडोरबाई म्हणाल्या.

"पाहुण्यांसमोर असं करू नये," मंजुळाताई हळुवारपणे म्हणाल्या. "आधी दोन शब्द सांगून जायचं."

भागीकाकूंनी आपल्या पदरातलं धान्य बारक्यासमोर ओतलं. तेवढ्यात सासूबाई वरून कडाडल्या, "अर्धी ओटी म्हणजे अपशकुन! पुढच्या शुक्रवारी दुप्पट भर म्हणावं!"

त्या रात्री काजळाला झोप आली नाही. आणि पहाटे घरट्यात टक् असा आवाज झाला. कुणीतरी ठेवून गेलेलं एक अंडं फुटलं. त्यातून ओलं, काळं, ओरडणारं काहीतरी बाहेर आलं.

काजळा त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सासूबाई, घरात जन्म झाला की काय असतं हो?"

"काय म्हणजे? सोयर असतं. दहा दिवस."

"त्या दहा दिवसांत हळदीकुंकू?"

"शिव शिव!"

"ओटी?"

"सोयरातल्या हातानं ओटी? नरकात जाशील!"

"आणि कुणी भेटायला आलं तर?"

"येईलच कशाला? शिवाशिव होईल."

"कोरडं धान्य मात्र घेतलं तर...?"

सासूबाईंनी चांगला डोळा बारीक केला. "कोरड्या धान्याला विटाळ नसतो. लांब ठेवून जावं त्यांनी." मग त्यांना शंका आली. "पण हे पिल्लू कुठं तुझं आहे?"

"सासूबाई," काजळा म्हणाली, "कोणाचं अंडं कोणाचं, हे विचारायला लागलं तर या जंगलातली चांगली चांगली घरं उठतील."

सासूबाईंनाही तारुण्य होऊन गेलं होतं. त्यांनी दोन्ही डोळे मिटून घेतले.

मंगळवारी दहाजणी ओढ्यापाशी आल्या तेव्हा काजळा शेंड्यावरून ओरडली, "ताई, तिथंच थांबा! सोयर आहे!"

दहाही पावलं निखाऱ्यावर पडल्यासारखी मागे आली. दान, समाज, ओढ, सगळं एका क्षणात बाजूला झालं. धान्य ओढ्याच्या अलीकडे ठेवून त्या लांबूनच परतल्या. काजळानं ते उचललं. त्या दिवशी एकवीस अधिक एक चोचींनी पोटभर खाल्लं. बारक्यानं दोनदा खाल्लं.

नवव्या दिवशी दुसरं अंडं फुटलं. पुन्हा दहा दिवस. त्यानंतर तिसरं. अंडी कुठून येतात हे काजळानं कधी विचारलं नव्हतं. आता मात्र त्या अज्ञात माउलीचे मनापासून आभार मानावेत असं तिला वाटू लागलं. आभार मानायला ती कधीच नको म्हणत नव्हती. वेळ मिळत नव्हता एवढंच.

मंडळात कुजबुज सुरू झाली. लांडोरबाईंना अर्ध्या ओटीचं शल्य होतं. एका सभेत त्या उठल्याच.

"हे कसलं सोयर? दुसऱ्याच्या पिल्लाचं सोयर लागत नाही! ते अंडं तिचं नाहीच मुळी!"

"मग कुणाचं?" भागीकाकूंनी विचारलं.

"तेच शोधू या ना!" खारूताईंना उत्साह आला. "चौकशी समिती नेमू. संध्याकाळी कडुलिंबावर कोण येतं, कोण जातं, सगळं लिहून काढू. मी आत्ता साल आणते."

"नको!" मंजुळाताई ओरडल्या. त्यांचा आवाज इतका बेसूर सभासदांनी पहिल्यांदाच ऐकला. मग त्यांनी घसा साफ केला. "भगिनींनो, एका आईच्या मातृत्वावर शंका? शोभतं का आपल्याला? ती म्हणते सोयर, तर सोयर. माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे."

भागीकाकू त्यांच्याकडे बघत सावकाश चावत राहिल्या.

अशा रीतीनं सोयर अध्यक्षांच्या संमतीनं कायम झालं.

पण त्यातून एक अडचण निघाली. ओटी बंद झाली, त्यामुळे गेलेलं धान्य परत येईना. प्रत्येकीला आता घरच्या कणगीत हात घालावा लागला. दर मंगळवारी खरोखरचं धान्य खरोखर जाऊ लागलं. मंडळाला पहिल्यांदाच दान केल्यासारखं वाटू लागलं, आणि ते कुणालाच आवडलं नाही. आधी कुणाचे गुडघे दुखू लागले. मग कुणाकडे पाहुणे आले. दहाच्या सहा झाल्या, सहाच्या चार.

शेवटी मंजुळाताई म्हणाल्या, "या कामाशी आता आपलं नातं उरलेलं नाही. आपण दुसरी संस्था बघू."

दुसरी संस्था लगेच सापडली. चिंचेच्या दोन फांद्यांमध्ये एक कोळीण राहत होती. तिची वास्तू देखणी होती. सकाळचं ऊन पडलं की सगळं जाळं चांदीसारखं चमके. स्वागताला ती जातीनं दारात हजर.

"आपलं काम काय?" मंजुळाताईंनी विचारलं.

"निराधार माश्यांना आसरा देते," कोळीण म्हणाली.

"किती येतात?"

"रोज चार-पाच येतातच."

"आणि जातात किती?"

कोळिणीनं आठही पाय नम्रपणे जोडले. "इतका लळा लागतो, ताई, की कुणी जातच नाही."

लांडोरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि किती शांत आहेत हो! कडुलिंबावर कोण कलकलाट असायचा."

"त्या हलत का नाहीत?" भागीकाकूंनी विचारलं.

"ध्यानाला बसल्यात," कोळीण म्हणाली.

कोळिणीला वेळच वेळ होता. ती कधीच कुठं जात नसे. पाहुण्या आल्या की ती प्रत्येकीच्या मनगटाला एक चकचकीत धागा बांधी आणि संस्थेची माहिती सांगे. मंडळात पुन्हा दहाजणी येऊ लागल्या. माश्या धान्य खात नाहीत हे कळल्यावर धान्य पाठवणं बंद करून नुसत्या भेटी ठेवल्या. मंडळाला असं चैतन्य कधीच आलं नव्हतं.

वर्धापनदिनाचा कार्यक्रम चिंचेखाली झाला. कोळिणीला शाल द्यायची होती, पण तिनं स्वतःच विणून आणली होती. मंजुळाताई भाषणाला उभ्या राहिल्या. विषय होता, 'आईची माया'.

"आईला आपलं आणि परकं असा भेद नसतो..." त्या म्हणाल्या.

तेवढ्यात चिंचेच्या शेंड्यावर सात काळी, चकचकीत पाखरं येऊन बसली. नवे पंख, लाल डोळे. त्यांनी खाली बघितलं, ओळख पटली आणि एका सुरात सुरू झाली.

"आल्या, आल्या, ताई आल्या..."

सभा वर बघू लागली. मग हळूहळू सभेच्या माना खाली आल्या आणि मंजुळाताईंवर थांबल्या.

"मंजुळाताई," भागीकाकू म्हणाल्या, "सूर अगदी तुमच्या घरचा वाटतोय."

"शिकवणीचा परिणाम," मंजुळाताई म्हणाल्या आणि भाषण तिथंच आटोपलं.

सातांच्या मागून आणखी एक पाखरू आलं. त्याला गाता येत नव्हतं. फांदीवर जागा नव्हती म्हणून ते खाली उतरलं आणि भागीकाकूंच्या पाठीवर बसलं. करड्या रंगाचं होतं. त्याचं वजन चिंचेच्या पाल्याइतकंच होतं, पण भागीकाकूंना ते जाणवलं. त्यांनी चावणं थांबवलं. थोड्या वेळानं बारकं उडालं, एकदाही खाली न येता ओढा ओलांडून गेलं.

पुढच्या मंगळवारी सभेला जाताना भागीकाकूंनी वाट जरा वाकडी केली. कडुलिंबाजवळ पोचल्यावर पदरातलं धान्य ढोलीत ओतलं.

"कोण आहे?" शेंड्यावरून काजळाचा आवाज आला. "सोयर आहे हो!"

"कुणी नाही," भागीकाकू म्हणाल्या आणि न थांबता पुढे गेल्या.

काजळाच्या घरचं सोयर अजून फिटलेलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, ज्या संस्थेतली पिल्लं मोठी होऊन उडून जातात, त्या संस्थेला कधी दान देऊ नये. पुढच्या भेटीला बघायला कुणी उरत नाही.